उलटी ठेवलेली होडी

गारुफालियाने माशाचं ताट टेबलाच्या मधोमध ठेवलं आणि कोणी काही म्हणायच्या आत स्वतःच सांगून टाकलं, "समुद्राचा आहे. व्होलोसच्या बाजारातून आणलाय. उगाच कोणी तोंड वाकडं करू नका."

"तोंड कोण वाकडं करतंय?" आर्गिरिस म्हणाला. "मासा तो मासा."

मालामोला हायसं वाटलं. सहा वर्षांनी तिचे दोघे भाऊ एका टेबलाशी बसले होते, आणि पहिलं वाक्य तरी धडपणे पार पडलं होतं. आर्गिरिस तिच्याहून तीन वर्षांनी मोठा, स्तेरियोस आठ वर्षांनी लहान; घर स्तेरियोसचं, गारुफालिया त्याची बायको. मधली ती. शाळेत शिकवताना आयुष्यभर भांडखोर पोरांच्या मधल्या बाकावर तिने एखादं शांत मूल बसवलं होतं. घरात ते काम तिच्याकडेच आलं होतं.

संत निकोलाओसचा सण. ग्रीसमधल्या कालामोखोरी गावात या दिवशी प्रत्येक घरी मासा शिजायलाच हवा. हा संत पाण्यावर पोट भरणाऱ्यांचा, आणि एके काळी सगळं गावच पाण्यावर जगत होतं. मग सरकारनं डोंगर पोखरून बोगदा काढला आणि तळं समुद्रात सोडून दिलं. मालामो तेव्हा तेरा वर्षांची होती. तळाशी जी जमीन उघडी पडली तिच्या चिठ्ठ्या निघाल्या, मच्छीमार एका हिवाळ्यात शेतकरी झाले, आणि सणाचा मासा बाजारातून यायला लागला. पुढं पन्नासेक वर्षांनी दुसऱ्या सरकारला चूक उमगली. निम्म्या जमिनीला बांध घालून तिथं पुन्हा पाणी भरलं. तळं परत आलं. मासा मात्र अजून बाजारातूनच येत होता.

"अन्थी, घे ना गं," गारुफालिया आर्गिरिसच्या मुलीला म्हणाली. "ऑफिसातून आलीस म्हणून काय लाजायचं? काकाचंच घर आहे."

अन्थी पाण्याच्या खात्यात कामाला होती. तिने पिशवीतला कागद अजून बाहेर काढला नव्हता, पण तो तिथे आहे हे पाचही जणांना ठाऊक होतं. स्तेरियोसने तर ती दारातून आत आली तेव्हा आधी पिशवीकडे पाहिलं आणि मग तिच्या तोंडाकडे.

"काढ बाई तो कागद," तो आता म्हणाला. "माशाचे काटे आणि सरकारचे कागद, दोन्ही एकदमच निस्तरू."

"काका, जेवण होऊ दे की."

"जेवताना बोललं म्हणजे पचतं तरी. बोल."

अन्थीने कागद काढला नाही, पण बोलली. शाळेत असताना मालामोसमोर उभी राहून बोलायची तशीच, सरळ आणि एका दमात. तळ्यात येणारं पाणी कालव्यातून येतं. कालवा सगळ्या मैदानातल्या शेतांची खतं आणि औषधं घेऊन येतो. म्हणून पाणी हिरवं होतं, म्हणून दुसऱ्याच उन्हाळ्यात मासे मेले, म्हणून मासेमारीवर बंदी आहे. यावर उपाय म्हणजे कालव्याच्या तोंडाशी उथळ पाण्याची, बोरूची दलदल. पाणी तिच्यातून हळूहळू झिरपतं, बोरू घाण धरून ठेवतो, आणि तळ्यात जातं ते निवळलेलं. पहिल्या आराखड्यात ही दलदल होती. पण पैसा बांधात आणि पंपांत संपला, आणि दलदल कागदावरच राहिली. आता तिच्यासाठी वेगळा पैसा मंजूर झालाय, अथेन्सचा थोडा आणि युरोपचा बाकीचा. मात्र वर्ष संपायच्या आत जमीन ताब्यात आली नाही, तर तो पैसा दुसऱ्या कुठल्या तरी तळ्याकडे जाईल.

"आणि कालव्याच्या तोंडाशी कोणाचं शेत आहे?" स्तेरियोसने विचारलं, जसं काही त्याला माहीतच नव्हतं.

"आपलं," अन्थी म्हणाली. "आजोबांचं. तुम्हा तिघांच्या नावावरचं. बाकीच्या सगळ्यांनी सह्या दिल्यात, काका."

स्तेरियोसने पावाचा तुकडा मोडला आणि रश्श्यात बुडवला. "म्हणजे बघा हं. पाणी काढायला सरकारनं पैसा दिला. पाणी भरायला सरकारनं पैसा दिला. आता भरलेलं पाणी धुवायला देतंय. आपल्या नातवंडांच्या वेळी ते वाळत घालायला देतील."

गारुफालिया खुदकन हसली. अन्थीसुद्धा हसली. आर्गिरिस हसला नाही.

"थट्टा सोपी असते," तो म्हणाला.

"तुला काय अवघड गेलं रे, दादा? घरोघर फिरून लोकांना सह्या करायला लावणं? 'द्या शेतं, तळं येऊ दे, पोरं गावात राहतील.' मी दिलं. पॉपलरच्या झाडाजवळचं माझं शेत दिलं, कारण मोठा भाऊ म्हणाला. तळं आलं. माझा पोरगा गेला जर्मनीत."

"माझंही शेत गेलंय त्यात."

"तुझ्या शेतात तू कधी पाय ठेवलास? तू ते खंडानं लावलं होतंस! तुझं शेत गेलं तेव्हा तुझं काहीच गेलं नाही. तुला तुझं लहानपण परत हवं होतं, आणि ते तू माझ्या जमिनीवर मागवलंस."

सहा वर्षांपूर्वी हेच भांडण इथंच, याच वाक्याच्या आसपास तुटलं होतं आणि आर्गिरिस टोपी घेऊन उठून गेला होता. मालामोने त्याच्या हाताकडे पाहिलं. टोपी खुर्चीच्या पाठीला अडकवलेली होती. हात तिकडे गेला नाही.

"मी आज मागायला आलो नाहीये," आर्गिरिस हळू म्हणाला. "अन्थी तिचं काम करतेय. मी सणाला आलोय. तुला नको तर करू नकोस सही. मी पुन्हा शब्द काढणार नाही."

स्तेरियोसला याची सवय नव्हती. तो भांडायला कंबर कसून बसला होता, आणि समोरचा आखाड्यातच उतरत नव्हता. त्याने त्सिपुरो दारूचा पेला उचलला, परत ठेवला.

"होडी," तो शेवटी म्हणाला. "शेताचं काय व्हायचं ते होवो, बाबांची होडी तिथं आहे. ती मला अंगणात आणायची आहे. उद्या कोणी कागद घेऊन यायचा आणि बुलडोझरवाला तिचं सरपण करायचा. चला, आता उजेड आहे तोवर. चार-पाच जण लागतील उलटून गाडीवर चढवायला."

तळ्यावरच्या लोकांची रीत होती, जाळी थोरल्याला, होडी धाकट्याला. म्हणून होडी स्तेरियोसची. तळं गेलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता, तिच्यात एकदाही बसला नव्हता, तरी ती त्याचीच.

गाडीच्या पुढच्या बाकावर मालामो पुन्हा दोघांच्या मधे बसली. मागून अन्थी गारुफालियाला घेऊन येत होती. उतारावरून खाली येताच बांध दिसू लागला, पट्टीनं आखल्यासारखा सरळ, आणि त्याच्या कोपऱ्यातून तेवढ्याच सरळ रेषेत वळलेला. मालामोला तिच्या वर्गातली चित्रं आठवली. ती पोरांना तळ्याच्या गोष्टी सांगायची, बोरूच्या झोपड्यांच्या, हिवाळ्यात उतरणाऱ्या पाखरांच्या, वाऱ्यांच्या नावांच्या. मग म्हणायची, आता काढा बघू तळं. कोरड्या जमिनीवर जन्मलेली ती पोरं तळं चौकोनी काढायची, शेतासारखं. तेव्हा तिला हसू यायचं. आता पोरांचंच तळं खरं झालं होतं.

"हिरवं आहे," आर्गिरिस खिडकीतून बघत म्हणाला.

"डिसेंबरात तरी नसायला हवं," स्तेरियोस म्हणाला. सहा वर्षांत दोघांचं एवढं एकमत प्रथमच झालं.

शेतात कापसाच्या काड्या उभ्या होत्या. एका टोकाला गारुफालियाचे कांद्याचे वाफे. त्यांच्या पलीकडे, चार दगडांवर, होडी उलटी ठेवलेली. बाबांनीच ठेवली होती, पाणी गेलं त्या वर्षी. लोकांनी होड्या जाळल्या, फळ्यांची कुंपणं केली. बाबा म्हणाले, इथंच राहू दे, पाणी येईल. दर वर्षी सणाच्या आधी ते तिला डांबर लावत. आर्गिरिस तेव्हा व्होलोसच्या सिमेंट कारखान्यात नोकरी करायचा. सुटीत आला की म्हणायचा, बाबांना भ्रम झालाय, कोरड्या जमिनीवर कुणी होडी राखतं का?

बाबांना जाऊन वीस वर्षं झाली होती. आर्गिरिस जवळ गेला आणि थबकला.

"ही इतकी चकाकतेय कशी? कोणी केलं हे?"

"रानडुकरं येतात रात्रीची. करून जातात," स्तेरियोस म्हणाला.

"दर वर्षी माझी एक कढई जाते डांबर वितळवायला," गारुफालिया म्हणाली. "मी म्हटलं, नवऱ्याला दुसरी बाई असती तर बरं होतं. निदान कढया राहिल्या असत्या."

आर्गिरिसने होडीच्या पाठीवरून तळवा फिरवला, टोकापासून टोकापर्यंत. एक उंचवटा नाही, एक भेग नाही. "बाबांनी लावल्यासारखंच आहे रे," तो म्हणाला. "त्यांच्याहून चांगलं."

स्तेरियोसने मान फिरवली, पण मालामोला त्याचे कान लाल झालेले दिसले. एकसष्ट वर्षांच्या माणसाचे कान. थोरल्या भावाने त्याच्या हातच्या कामाला चांगलं म्हटलेलं तिने तरी याआधी ऐकलं नव्हतं.

"ही तर पाठ," तो म्हणाला. "आतून बघ. आत तर काचेसारखं केलंय."

दोन वासे खाली घातले, दोर गाडीला बांधला. अन्थी गाडीत बसली, बाकीच्यांनी खांदे लावले. होडी कुरकुरली, एका कडेवर उभी राहिली, क्षणभर तशीच तोलली, आणि मग सावकाश चितपट होऊन दगडांवर बसली.

आत सगळं काळं होतं. जाड, गुळगुळीत, चकचकीत. फळ्यांमधल्या रेषासुद्धा दिसत नव्हत्या.

मालामोला आधी काय चुकलंय ते कळलं नाही, नुसतं काही तरी चुकलंय एवढं कळलं. मग आठवलं. लहानपणी ती बाबांबरोबर याच होडीतून जायची. आतल्या फळ्या राखाडी असायच्या, उघड्या आणि नेहमी ओलसर. फ्रॉक मागून भिजायचा आणि आई रागवायची. तळाशी थोडं पाणी सतत असायचंच, बाबा ते भोपळ्याच्या पळीनं उपसायचे, पण पूर्ण कधीच काढायचे नाहीत. राहू दे, तिला तहान लागते, म्हणायचे. लाकूड आतून पाणी पितं, फुगतं, आणि फटी आपोआप मिटतात. डांबर फक्त बाहेरून. आतून लावलं की लाकडाचं तोंडच बंद.

तिने आर्गिरिसकडे पाहिलं. सोळा वर्षांचा होईपर्यंत तो रोज या होडीत होता. त्याला तर एका नजरेत कळलं असणार. त्याचे ओठ उघडले. आयुष्यभर, जिथं धाकट्याचं चुकलं तिथं थोरल्यानं सांगितलं नाही असं झालं नव्हतं. ओठ मिटले.

"छान केलंयस," आर्गिरिस म्हणाला.

स्तेरियोस त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. "काय झालं?"

"काही नाही."

"दादा, तुझं तोंड मी साठ वर्षं बघतोय. बोल."

"अरे, म्हटलं ना, छान आहे."

"ताई, तू सांग."

मालामोला खोटं बोलता आलं नाही. गप्पही राहवेना. "आतून लावत नसतात रे, राजा," ती म्हणाली, लहान मुलाला सांगतात तशा आवाजात, आणि का ते सांगितलं.

वारा कापसाच्या काड्यांमधून वाजत गेला. स्तेरियोस होडीच्या काठावर हात टेकून उभा राहिला.

"मी बाबांबरोबर यायचो," तो म्हणाला. "होडी उलटीच असायची. ते फक्त पाठीला लावायचे. मला वाटायचं, म्हातारे झालेत, त्यांना एकट्याला उलटवत नाही, म्हणून आतलं राहून जातंय. ते गेल्यावर पहिल्याच वर्षी मी ट्रॅक्टर आणला, उलटवली, आणि त्यांचं राहिलेलं काम केलं. म्हटलं, बघा बाबा. दर वर्षी केलं." तो हसल्यासारखा झाला. "दर वर्षी, दादा. आतून दोन हात जास्तच."

"तुला कुठून माहीत असणार? तू पाच वर्षांचा होतास."

"तुला माहीत होतं."

"हो."

"मग सांगायचं नाही?"

"मी कधी आलोच नाही इथं," आर्गिरिस म्हणाला. "गावभर हिंडलो तळं तळं करत. मंत्र्यांकडे गेलो, अर्ज केले. पण इथं, सणाच्या आधी एक सकाळ... एकदा आलो असतो तर बघितलं असतं."

अन्थीने गाडी बंद केली.

स्तेरियोसने खिशातला सुरा काढला, गुडघे टेकले आणि आतल्या फळीवरचं डांबर खरवडायला लागला. वरचा थर टवके होऊन उडाला, मग त्याच्या खालचा, मग त्याच्या खालचा. शेवटी तळहाताएवढं लाकूड उघडं पडलं, फिकट आणि कोरडं. त्याने वाकून नाक लावलं.

आर्गिरिस आपसूक पुढे झाला. "कसला वास येतोय?"

"डांबराचा."

आर्गिरिसही गुडघ्यांवर बसला, हळूच, सांधे सांभाळत. त्यानेही नाक लावलं. बराच वेळ तसाच राहिला. "हो," तो म्हणाला. "डांबराचाच."

मालामोला दोघांची पांढरी डोकी एकमेकांना लागलेली दिसत होती. बरोबर याच जागी, या माणसांच्या डोक्यावर दोन पुरुष पाणी होतं एके काळी.

"आता काय करायचं असतं?" स्तेरियोसने विचारलं. "असं झालं तर?"

"सगळं खरवडायचं. मग सुलटी ठेवून दगड भरायचे आणि उथळ पाण्यात बुडवून ठेवायची. लाकूड पाणी पिऊ लागलं की फळ्या एकमेकींना धरतात. बुडवल्याशिवाय तरंगत नाही ती."

"उथळ म्हणजे किती?"

"गुडघ्याएवढं."

स्तेरियोसने मान वर केली. "अन्थी, तुमच्या त्या दलदलीत पाणी किती असणार?"

अन्थीने आधी बापाकडे पाहिलं, मग काकाकडे. "गुडघ्याएवढं, काका. कुठं थोडं जास्त."

स्तेरियोसने सुरा पँटला पुसला.

"मग न्यायची कशाला अंगणात?" तो म्हणाला.

"अहो, आणि माझे कांदे?" गारुफालिया म्हणाली. मग नवऱ्याचं तोंड बघून, "कांद्यांचं काय, बाजारात मिळतात. मासा मिळतो तसे."

कागद होडीच्या आडव्या फळीवर ठेवून सह्या झाल्या. आर्गिरिसने केली, मालामोने केली. स्तेरियोस पेन हातात धरून थांबला.

"एक ऐकून घे, दादा. मी हे तुझ्या तळ्यासाठी देत नाहीये. तुझं तळं मी पाहिलेलं नाही. मला हे माहितीये." त्याने टाचेने ढेकूळ फोडलं. "पावसानंतर या जमिनीला वाफसा कधी येतो, ते मला झोपेत कळतं. आता ते कोणाच्या कामाचं?"

"कसं कळतं?" आर्गिरिसने विचारलं.

स्तेरियोस भांडायलाच वळला होता. पण थोरला खरंच विचारत होता. काळ्या हातांनी, गुडघ्यांवर बसलेला, वर बघत.

"वास बदलतो," स्तेरियोस म्हणाला. "आधी लोखंडासारखा असतो. मग..." त्याला शब्द सापडेना. "इथं नाही सांगता येत. पाऊस पडून जावा लागतो."

"मग पाऊस पडल्यावर बोलाव. पाणी सोडायच्या आधी."

स्तेरियोसने सही केली. अंगठ्याचा काळा ठसा कागदाच्या कोपऱ्यावर उमटला. अन्थीने तो फुंकर घालून वाळवला आणि कागद पिशवीत ठेवला.

मग सगळेच खरवडायला लागले. गारुफालियाने गाडीतून खुरपं आणलं, अन्थीने चावीने सुरुवात केली. ऊन डोंगरामागे चाललं होतं, आणि अख्ख्या होडीत मिळून टेबलाएवढंही लाकूड उघडं झालेलं नव्हतं. हिवाळाभराचं काम होतं.

स्तेरियोस बांधाकडे दगड बघायला गेला. मालामो आर्गिरिसच्या शेजारी सरकली.

"फुगतील का रे फळ्या? इतक्या वर्षांनी?"

आर्गिरिसने धाकटा लांब गेलाय ना ते पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "लाकूड मेलंय. आणि तळंसुद्धा, अन्थी काहीही म्हणो, ते तळं नाही व्हायचं. थोडं निवळेल. पाखरं उतरतील. पण तू त्याला होडीचं सांगू नकोस."

"नाही सांगत."

थोड्या वेळाने स्तेरियोस दोन्ही हातांत दगड घेऊन आला. ते होडीत ठेवताना तो बहिणीच्या कानाशी वाकला. डांबराचा वास तिच्या नाकात भरला.

"ताई, ही काही तरंगायची नाही. मी खुळा नाहीये. पण दादाला बोलू नकोस हं. त्याला जरा आशा वाटतेय."

मालामोने पलीकडे पाहिलं. आर्गिरिस जीभ दातांत धरून, शाळेतल्या पोरासारखा, मन लावून एक फळी खरवडत होता.

"नाही बोलत," ती म्हणाली, आणि आपल्या वाट्याची फळी पुढे खरवडू लागली.